तळ्यातील वनस्पतींची पाहणी करून देणारी सेवा: पैसे नेमके कशासाठी मोजावेत

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेकडील व्हिलास काउंटीत तेराशेहून अधिक तळी आहेत. त्यांपैकी एका लहानशा, मृदू पाण्याच्या तळ्याकाठी आमचे केबिन आहे. काठावरच्या घरमालकांचा एक संघ आहे, ज्याला इकडे लेक असोसिएशन म्हणतात, आणि या संघाने मागच्या उन्हाळ्यात एका खासगी सल्लागार संस्थेकडून तळ्यातील वनस्पतींची पूर्ण पाहणी करून घेतली. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण तिच्या कामातील उणिवा मी पुढे मोकळेपणाने सांगणार आहे. तिच्याकडून जे चांगले मिळाले, ते कोणत्याही पाहणी संस्थेकडून मागून घेता येण्यासारखे आहे. तळ्याकाठी घर घेतलेल्या मराठी कुटुंबांपुढे हा खर्च आज ना उद्या येतो, आणि तेव्हा नेमके काय मागायचे हे ठाऊक असलेले बरे.

माझे मत आधीच नोंदवतो. पाण्यावरचे काम उत्तम झाले, वनस्पतींची ओळख पटवण्याचे काम त्याहून सरस झाले. परंतु आधीच्या पाहणीशी केलेली तुलना सदोष होती आणि शेवटी जोडलेल्या शिफारशी घाईच्या होत्या. तळ्यातील वनस्पतींचे वैविध्य वाढते आहे की घटते आहे, हे एका उन्हाळ्यात कळत नाही. म्हणून अशा पाहणीची किंमत, आणखी दहा किंवा वीस वर्षांनी कोणी तीच पाहणी पुन्हा केली तर आजच्या नोंदी त्याच्या उपयोगी पडतील का, यावर ठरते. मी ही सेवा याच कसोटीवर तपासली आहे.

या कसोटीचा आग्रह का, हे याच काउंटीचा इतिहास सांगतो. तळ्यांचे अभ्यासक एडवर्ड बर्ज आणि चॅन्सी जुडे यांनी १९२५ मध्ये ट्राउट लेकच्या काठी संशोधन केंद्र सुरू केले. एल. आर. विल्सन यांनी १९३५ मध्ये व्हिलास काउंटीतील तळ्यांच्या वनस्पतींवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. १९८१ पासून विस्कॉन्सिन विद्यापीठाचे संशोधक येथील निवडक तळ्यांच्या नोंदी सलग ठेवत आले आहेत. या सातत्यामुळेच ट्राउट लेकमध्ये काय घडले ते आज सांगता येते. मूळचा ओहायो नदीच्या खोऱ्यातला रस्टी क्रेफिश, म्हणजे मोठ्या नांग्यांचा गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी, १९७९ मध्ये त्या तळ्यात प्रथम आढळला. संपूर्ण काठाभोवती पसरायला त्याला १९ वर्षे लागली, आणि त्या काळात पाण्याखालच्या वनस्पतींच्या जातींची संख्या काही ठिकाणी ८० टक्क्यांपर्यंत घटली. हा प्राणी वनस्पती खातो, आणि खातो त्याहून जास्त बुंध्याशी कापून टाकतो. १९ वर्षांत हळूहळू झालेली अशी हानी काठावरून पाहणाऱ्या माणसाच्या लक्षात येत नाही, कारण दर उन्हाळ्यात तळे मागच्या उन्हाळ्यासारखेच दिसते. जवळच्याच स्पार्कलिंग लेकमध्ये २००१ ते २००८ या काळात पिंजरे लावून हे क्रेफिश सातत्याने पकडले गेले, त्यांना खाणाऱ्या माशांच्या मासेमारीवर निर्बंध घातले गेले, आणि क्रेफिशची संख्या कोसळल्यावर वनस्पती पुन्हा उगवल्या. म्हणजे उपाय असतो. पण त्याआधी काय गमावले आहे याची लेखी नोंद हाताशी असावी लागते.

आता सेवेकडे वळतो. विस्कॉन्सिनमध्ये २०१० पासून अशा पाहणीची एक ठरलेली पद्धत आहे. तळ्याच्या नकाशावर समान अंतरावर बिंदूंची जाळी आखली जाते, होडी जीपीएसच्या साहाय्याने एकेका बिंदूवर नेली जाते आणि तेथे तळाशी दाताळे फिरवून वर काढले जाते. हे दाताळे दुतोंडी असते, म्हणजे बागेतल्या दाताळ्याची दोन डोकी पाठीला पाठ लावून जोडलेली असतात. सुमारे १५ फुटांपर्यंतच्या खोलीत ते लांब दांड्याला बसवतात आणि त्याहून खोल पाण्यात दोरीला बांधून टाकतात. वर आलेल्या प्रत्येक जातीची नोंद होते आणि दाताळे किती भरले यावरून १, २ किंवा ३ असा अंक दिला जातो. याखेरीज खोली आणि तळाचा प्रकार, म्हणजे चिखल, वाळू की दगड, हेही लिहिले जाते. पद्धत साधी आहे, आणि साधी असल्यामुळेच ती वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या दशकांत केली तरी निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहता येतात.

आमच्याकडे दोघे जण आले होते: होडी चालवणारा एक तरुण आणि वनस्पती ओळखणाऱ्या एक अनुभवी बाई. संघाचा प्रतिनिधी म्हणून मला होडीत बसू द्यावे, ही विनंती त्यांनी लगेच मान्य केली. होडी पाण्यात घालण्यापूर्वी त्यांनी होडीचा तळ, ट्रेलर, दोर आणि दाताळ्याचे दात बारकाईने तपासले आणि धुऊन घेतले, आणि हे त्यांनी कोणी सांगितले म्हणून केले नाही. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात आक्रमक वनस्पती जातात त्या बहुधा अशाच होड्यांना चिकटून, तेव्हा पाहणी करणाऱ्याच्या हातून हे होऊ नये ही किमान अपेक्षा होती आणि ती पूर्ण झाली.

कामाचा वेग मला आधी फार संथ वाटला, पण त्याचे कारण लवकरच कळले. दाताळ्यावर हिरव्या वनस्पतींचा एकच गुंता वर येतो, आणि त्या गुंत्यातून बाई एकेक फांदी सोडवून पांढऱ्या ट्रेमधल्या पाण्यात पसरत. पाण्याबाहेर ओल्या कापडासारखी लोळागोळा झालेली पाने पाण्यात उलगडली की जात ओळखता येते. वॉटरमिलफॉइल या पिसासारख्या पानांच्या पाणवनस्पतीच्या बाबतीत त्यांनी एक पान भिंगाखाली धरून मला पिसासारख्या रेघा मोजायला लावल्या. उत्तर अमेरिकेतील देशी नॉर्दर्न वॉटरमिलफॉइलच्या पानाला अशा रेघांच्या जोड्या साधारणपणे डझनापेक्षा कमी असतात, तर आक्रमक युरेशियन वॉटरमिलफॉइलच्या पानाला डझनभर किंवा त्याहून बऱ्याच अधिक. परंतु या दोघांचा संकरही होतो, त्याची मोजणी मध्येच कुठेतरी येते, आणि तेव्हा जनुकीय तपासणीशिवाय खात्री देता येत नाही. हे त्यांनी मला सांगितलेच, शिवाय अहवालातही तसे लिहिले. ज्या नमुन्याबद्दल शंका होती तो ‘संशयित’ म्हणून वेगळा ठेवला आणि तपासणीसाठी पाठवला. या प्रामाणिकपणासाठी मी सेवेला पूर्ण गुण देतो.

काठाजवळच्या वाळूत जे सापडले, ते मराठी वाचकांना विशेष आपुलकीचे वाटेल. आमच्या तळ्याचे पाणी मृदू आहे, म्हणजे त्यात बायकार्बोनेटचे प्रमाण फार कमी आहे. बहुतेक पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी लागणारा कार्बन पाण्यातून घेतात; येथे तो पुरेसा मिळत नाही. म्हणून या तळ्यांच्या उथळ वाळूत बुटक्या, जमिनीलगत पानांचा गुच्छ असलेल्या वनस्पतींची एक वेगळीच वसाहत असते. त्या कार्बन डायऑक्साइड मुळांवाटे तळाच्या गाळातून घेतात. त्यांतली एक म्हणजे पाइपवर्ट. आपल्या कास पठारावर पावसाळ्यात पांढऱ्या गोल फुलोऱ्यांनी सगळा सडा भरून टाकणारा जो गेंद, त्याच्याच प्रजातीतली ही वनस्पती. फुलोराही तसाच, पाण्याच्या वर सरळ काडीवर बसलेल्या पांढऱ्या गुंडीसारखा. सीतेची आसवं ज्या कुळातली आणि प्रजातीतली, त्या युट्रिक्युलेरियाच्या जातीही याच तळ्यात पाण्याखाली तरंगतात आणि आपल्या सूक्ष्म फुग्यांमध्ये जलजीव पकडतात. बाईंनी पाइपवर्टचे एक रोप उपटून दाखवले: मुळे पांढरीशुभ्र आणि आडव्या वळ्यावळ्यांची. त्याच्याशेजारी उगवलेल्या वॉटर लोबेलियाचे पान त्यांनी आडवे मोडले, तर आत दोन पोकळ नळ्या स्पष्ट दिसल्या. वरून पाहता ही दोन्ही रोपे सारखीच भासतात.

नेमकी हीच वसाहत सर्वांत नाजूक आहे. काठावरच्या घरांतून, हिरवळींतून आणि सांडपाण्याच्या टाक्यांतून फॉस्फरस पाण्यात उतरला की शैवाल वाढते, पाणी गढूळते, उंच वाढणाऱ्या वनस्पती सावली धरतात आणि बुटक्या वनस्पती मागे पडतात. होडीच्या धक्क्यासाठी आणि पोहण्यासाठी काठ मोकळा केला की त्या तर थेट उपटल्याच जातात. पाण्याबाहेर येणाऱ्या आणि तरंगत्या पानांच्या वनस्पतींचेही काही वेगळे नाही. मिनेसोटातील रॅडोम्स्की आणि गोमन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घरे झालेल्या काठालगत अशा वनस्पतींचे आच्छादन मोकळ्या काठापेक्षा ६६ टक्क्यांनी कमी आढळले होते.

येथेच मला पाहणीच्या पद्धतीतली एक मर्यादा जाणवली आणि ती सेवेने नीट हाताळली. दाताळे उंच आणि फांद्या असलेल्या वनस्पती चांगल्या पकडते. बुटक्या गुच्छांवरून मात्र ते पुष्कळदा घसरून जाते. त्यामुळे केवळ बिंदूंवर विसंबले तर लोबेलिया किंवा तशीच बुटकी क्विलवर्ट यांची नोंद प्रत्यक्षापेक्षा कमी होते. पद्धतीत यावर तोड आहे: बिंदूंखेरीज होडीने काठाने फिरून दिसणाऱ्या जातींची वेगळी यादी करायची. काही संस्था हे काम उरकून टाकतात, असे शेजारच्या तळ्यावरच्या लोकांकडून ऐकले आहे. आमच्याकडे बाई स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरल्या, आणि बिंदूंवर एकदाही न सापडलेल्या काही जाती त्यांना काठाने मिळाल्या. प्रत्येक जातीचा एक नमुना दाबून, वाळवून हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, तयार करण्यात आला. माझ्या मते संपूर्ण सेवेतला सर्वांत मोलाचा भाग हा आहे. आजची ओळख उद्या चुकीची ठरली, एखाद्या जातीचे नाव बदलले किंवा एका जातीच्या दोन झाल्या, तरी वाळवलेले रोप पुन्हा तपासता येते; अहवालातले नुसते नाव तपासता येत नाही.

अहवाल हिवाळ्यात हाती आला. छपाई देखणी, नकाशे सुबक, प्रत्येक प्रमुख जातीचे छायाचित्र. तळ्याचा कोणता भाग समृद्ध आहे आणि वनस्पती किती खोलीपर्यंत वाढतात, हे सामान्य सभासदालाही कळेल असे मांडले होते. वनस्पतींची कमाल खोली नोंदवली गेली याचे मला समाधान आहे, कारण पाण्याची पारदर्शकता हळूहळू बदलली की त्याचा परिणाम आधी वनस्पतींच्या पट्ट्याच्या खोल कडेवर दिसतो.

त्यानंतरच्या प्रकरणात मात्र अहवाल घसरला. आमच्या तळ्याची याआधीची पाहणी १९९० च्या दशकात झाली होती, आणि ती बिंदूंच्या जाळीने नव्हे तर काठापासून खोलीकडे आखलेल्या मोजक्या रेषांवर झाली होती. नव्या अहवालाने दोन्ही पाहण्यांतील जातींची संख्या शेजारी शेजारी स्तंभ काढून दाखवली आणि ‘वैविध्यात वाढ’ असा मथळा दिला. हे मान्य करता येत नाही. मोजक्या रेषांच्या तुलनेत शेकडो बिंदूंवर दाताळे फिरवले की विरळ जाती अधिक सापडणारच. ती वाढ शोधण्याच्या श्रमातली आहे, तळ्यातली असेलच असे नाही. शिवाय जुन्या पाहणीत पाँडवीड या पाणवनस्पतींपैकी अरुंद पानांच्या सर्व एकाच नावाखाली नोंदवल्या होत्या आणि नव्या पाहणीत त्यांच्या जाती वेगळ्या केल्या होत्या. एका नावाची चार नावे झाली की यादी लांबते, तळ्यातले वनस्पतिजीवन तेच राहते.

याच्याशीच जोडलेला दुसरा दोष गुणवत्ता निर्देशांकाचा. विस्कॉन्सिनमध्ये स्टॅनली निकल्स यांनी १९९९ मध्ये तळ्यांसाठी मांडलेला निर्देशांक वापरतात. प्रत्येक देशी जातीला ० ते १० असा अंक दिलेला असतो. कोणत्याही बिघडलेल्या पाण्यात तग धरणारी कूनटेल ३ वर, तर निर्मळ मृदू पाण्याशिवाय न जगणारी वॉटर लोबेलिया १० वर. सर्व जातींच्या अंकांची सरासरी काढून तिला जातींच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणले की निर्देशांक मिळतो. आता समजा, एका तळ्यात पूर्वी १६ जाती होत्या आणि त्यांची सरासरी ६.५ होती, निर्देशांक २६ येतो. पुढे तेथे २५ जाती सापडल्या, पण सरासरी ६ वर उतरली. निर्देशांक ३० येतो. आकडा वाढला, आणि तरीही तळ्यातील वनस्पतींत कणखर, कुठेही उगवणाऱ्या जातींचा वाटा वाढला आहे. आमच्या अहवालात निर्देशांक वाढल्याचा उल्लेख ठळक अक्षरांत होता आणि सरासरी खाली आल्याचा उल्लेख परिशिष्टातल्या तक्त्यात. उत्तरेकडील वनप्रदेशातल्या तळ्यांची सरासरी ६.७ च्या आसपास धरली जाते; आपण तिच्या कोणत्या बाजूला आहोत हे सभासदांना पहिल्या पानावर कळायला हवे होते. ही फसवणूक होती असे मी म्हणत नाही. साचेबंद अहवालात नवे आकडे भरले जातात तेव्हा असे होते. पण पैसे आपण देतो तेव्हा साच्यापलीकडचा विचार मागणे रास्त आहे.

शेवटचे प्रकरण शिफारशींचे. तळ्याच्या एका खाडीत युरेशियन वॉटरमिलफॉइलचा संशयित पट्टा सापडला होता, आणि जनुकीय तपासणीचा निकाल येण्यापूर्वीच अहवालात तणनाशकाचा पर्याय सर्वांत आधी मांडला होता. ही वनस्पती विस्कॉन्सिनमध्ये १९६० च्या दशकापासून आहे आणि तिच्याविषयीची भीती निराधार नाही. काही तळ्यांत तिने पृष्ठभागापर्यंत चटई विणून बाकी सर्व वनस्पती झाकोळून टाकल्या. तथापि प्रत्येक तळ्यात तसे होत नाही. अनेक तळ्यांत ती वर्षानुवर्षे विरळच राहते. २०२० मध्ये विस्कॉन्सिनच्या अनेक तळ्यांच्या पाहण्या एकत्र करून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की देशी वनस्पतींवर मिलफॉइलच्या वाढीचा जितका परिणाम होतो, त्याहून मोठा परिणाम संपूर्ण तळ्यात टाकलेल्या तणनाशकाचा होतो. तणनाशकासाठी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा परवाना लागतो, त्यामुळे कोणी उठून उद्या फवारणी करील असे नाही. तरीही वैविध्य मोजायला बोलावलेल्या सेवेने वैविध्यावरच आघात करू शकणारा उपाय यादीत पहिला ठेवणे मला खटकले. लहान पट्टा पाणबुड्यांकडून मुळासकट हाताने उपटून घेण्याचा पर्याय यादीच्या तळाशी होता. आमच्या सभेने अखेर तोच निवडला.

एक उणीव सेवेची म्हणण्यापेक्षा आमच्या मागणीतली होती. आमच्या शेजारच्या तळ्यात कर्ली-लीफ पाँडवीड ही आक्रमक वनस्पती आहे. तिची कळी, म्हणजे फुलाची नव्हे तर तळाशी पडून राहणारा कठीण कोंब, शरद ऋतूत रुजते, रोप बर्फाखाली वाढते आणि जून सरता सरता मरून कुजते, त्याबरोबर फॉस्फरस पाण्यात सोडते. जुलै-ऑगस्टच्या पाहणीत ती सहसा दिसतच नाही. तिच्यासाठी जूनच्या आरंभी वेगळी फेरी करावी लागते. हिवाळे आखूड होत असताना या फेरीचे महत्त्व वाढत जाणार आहे. याच राज्यातील मॅडिसन शहराच्या लेक मेंडोटावर बर्फ टिकण्याचा काळ १९ व्या शतकाच्या मध्यापासून सुमारे महिन्याभराने घटला आहे, आणि बर्फावरचा हिमथर पातळ असला की खाली पोहोचणाऱ्या प्रकाशाचा लाभ या वनस्पतीला मिळतो. संस्थेने जूनच्या फेरीचा दर विचारल्यावर तत्परतेने दिला आणि तो अवाजवी नव्हता. तथापि तिने हे स्वतःहून सुचवायला हवे होते.

तक्रारीनंतरची वागणूकही सांगितली पाहिजे. तुलनेच्या प्रकरणावर मी लेखी आक्षेप पाठवले. संस्थेने ते नाकारले नाहीत. ‘वैविध्यात वाढ’ हा मथळा काढला गेला, दोन पद्धतींमधला फरक स्पष्ट करणारा परिच्छेद जोडला गेला आणि सरासरीचा आकडा पुढे आणला गेला. प्रत्येक बिंदूची मूळ नोंद, म्हणजे अक्षांश-रेखांश, खोली, तळाचा प्रकार, जात आणि दाताळ्याचा अंक, यांचे पूर्ण तक्ते मात्र मागितल्यावरच मिळाले. माझ्या दृष्टीने अहवाल हरवला तरी चालेल. हे तक्ते हरवता कामा नयेत.

पाच वर्षांनी हीच पाहणी पुन्हा करायची असे संघाने ठरवले आहे, आणि त्याच संस्थेला विचारण्याला मी सभेत पाठिंबा दिला. करारात आता काही गोष्टी आधीच लिहिल्या आहेत. बिंदू तेच राहतील आणि पाहणी त्याच पंधरवड्यात होईल. कर्ली-लीफसाठी जूनची फेरी वेगळी होईल. काठाने उथळ पाण्यात उतरून केलेली यादी बिंदूंच्या यादीत मिसळली जाणार नाही. कारा आणि नायटेला यांसारखी शैवाले एकाच नावाखाली गुंडाळली जाणार नाहीत. प्रत्येक जातीचा वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये जमा झाल्याची पोच मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता दिला जाणार नाही. मूळ तक्त्यांची एक प्रत संघाकडे, एक नैसर्गिक संसाधन विभागाकडे आणि एक काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे राहील. तणनाशकाचा विषय या करारात येणार नाही. त्याचा सल्ला हवा असल्यास तो पाहणी न करणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून, स्वतंत्र पैसे देऊन घेतला जाईल.